भीमकोलचा खार

डॉक्टरांनी नवऱ्याला केळं बंद सांगितलं त्याच दिवशी निरदाने घरातलं केळं न् केळं बाहेर काढलं. परसातल्या भीमकोलचा घड नेमका तेव्हाच पिकायला लागला होता. जाड सालीची, पोटात काळ्या बिया असलेली ती केळी तिच्या सासूबाईंच्या हातची लावलेली. निरदाने कोयत्याने घड उतरवला, केळी सोलली, शेजाऱ्यांच्या गाईपुढे टाकली आणि साली सुपात पसरून उन्हात ठेवल्या.

साली फेकून द्याव्यात ही कल्पना आमच्या पाठशाला गावाच्या पंचक्रोशीत कुणाच्या डोक्यात येत नाही. त्या वाळवायच्या, जाळायच्या, भोक पाडलेल्या करवंटीत तळाला पेंढा घालून वर ती राख भरायची आणि पाणी ओतायचं. खाली थेंबथेंब तपकिरी पाणी गळतं, तो खार. दुपारच्या जेवणात पहिला घास खारात शिजवलेल्या भाजीचा आणि शेवटचा घास टेंग्याचा, म्हणजे आंबट कालवणाचा. खार आणि टेंगा एका घासात येऊ द्यायचे नाहीत आणि रात्री खार खायचा नाही, एवढे दोन नियम पाळले की बाकी पोटाची काळजी देवावर. बाहेरचे लोक आम्हाला खारखाऊ म्हणून चिडवतात, आणि आम्ही निर्लज्जपणे ते मिरवतो.

तर केळं घराबाहेर गेलं आणि साल घरात राहिली. निरदाला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसलं नसतं.

घनकांत तालुकदार, तिचा नवरा, फिरत्या थिएटरचा सुतार. पाठशालेतून थिएटर निघालं की आठ-नऊ महिने तंबूबरोबर गावोगाव. स्टेजवर जहाज बुडवायचं असो की राजवाडा कोसळवायचा असो, लोक टाळ्या नटांना द्यायचे आणि हा पडद्यामागे हातोडी घेऊन हसत उभा. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र त्याने कधी मनावर घेतल्या नाहीत. एका हंगामात पाय सुजले, दम लागायला लागला, आणि शहरातल्या इस्पितळात कळलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. तेव्हापासून सोमवार-गुरुवार डायलिसिस. यंत्राला जोडलेला आपला माणूस बघताना निरदाच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. मुलगी जूरी लग्न होऊन दूर तेजपूरला. घरात हे दोघंच. हा माणूस गेला तर मागे काय उरतं, हा विचार ती मनात येऊ देत नसे, आणि तो विचारच रोज सकाळी चुलीपाशी तिच्या आधी येऊन बसलेला असे.

इस्पितळातले डॉक्टर मनोहरन तमिळ. निरदाशी मोडक्या हिंदीत बोलायचे, निरदा त्याहून मोडक्या हिंदीत उत्तर द्यायची. एकदा ते म्हणाले, "यांच्या रक्तात आम्ल साठतंय. ही सोड्याची गोळी रोज द्या."

"आम्ल म्हणजे आंबट?" निरदाने विचारलं.

"तसंच समजा."

तिने तसंच समजलं. इथूनच सगळं सुरू झालं, आणि यात डॉक्टरांचा दोष काढायचा तर कुठून काढायचा तेही मला कळत नाही.

त्याच आठवड्यात घनकांतची धाकटी बहीण बिनापाणी गुवाहाटीहून आली. येताना फोनमध्ये एक व्हिडिओ घेऊन आली. पांढऱ्या कुर्त्यातला, तेल लावल्यासारखा चकाकणारा एक माणूस हिंदीत सांगत होता की सगळ्या रोगांचं मूळ शरीरातलं आम्ल. शरीर अल्कलाइन करा, रोग तिथे तग धरूच शकत नाही. मूत्रपिंडं मेलेली नसतात, आम्लाने गुंगलेली असतात, अल्कलाइन अन्न दिलं की ती जागी होतात. त्या माणसाला कुणी अजून जोड्याने मारलेलं नाही, ही आपल्या लोकांची सभ्यता.

"नबौ, कळलं का?" बिनापाणी निरदाला म्हणाली. थोरल्या भावाच्या बायकोला आमच्यात नबौ म्हणतात. "मोठमोठे लोक बाटल्या विकत घेऊन पितात ते हेच. आपला खारच की गं हा! आपण पिढ्यान् पिढ्या खातोय आणि आपल्याला पत्ता नाही."

"लिंबूसुद्धा खायला सांगतोय तो," निरदा म्हणाली. "लिंबू तर टेंगा. आंबट ते आंबटच."

"ते सोड. खाराचं बघ." बिनापाणीने पर्समधून पिवळ्या कागदी पट्ट्यांची डबी काढली. लाळेचा थेंब लावला की पट्टीचा रंग सांगतो, शरीर आंबट की अल्कलाइन; पिवळी राहिली तर आंबट, हिरवी-निळी झाली तर अल्कलाइन. निरदाने एक पट्टी खाराच्या वाटीत बुडवली. पट्टी क्षणात गडद निळी झाली, डबीवर छापलेल्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडची निळी. दोघी नणंद-भावजया त्या पट्टीकडे आ वासून बघत राहिल्या. डॉक्टरही आम्ल मारायला गोळी देतात, व्हिडिओवालाही तेच सांगतो, आणि औषध तर आपल्याच करवंटीतून गळतंय! कितीतरी महिन्यांनी निरदाला त्या रात्री स्वस्थ झोप लागली.

मग घरात खाराचं राज्य सुरू झालं. सकाळी उपाशीपोटी पाण्यात खार. दुपारी खारातली कच्ची पपई, कधी दुधी, कधी उडीद. आणि नियम मोडून रात्रीही खार. टेंगा मात्र हद्दपार. घनकांतचा जीव आंबटात. माशाच्या कालवणात औटेंगा या आंबट फळाच्या फोडी घातल्या की तो काटेसुद्धा चोखत बसायचा.

"जूरीची मा," तो ताटावरून म्हणायचा, "लोक खाराने जेवण सुरू करतात. मी सुरूही खारानेच करतो आणि संपवतोही खारानेच. मग माझं जेवण संपलं हे मला कळायचं कसं?"

"मी सांगेन ना. गुपचूप खा."

"जिभेवर साबण फिरवल्यासारखं होतंय गं."

"होऊ दे. बरे झालात की टेंग्याच्या हंडीत बुडवून काढीन तुम्हाला."

तो खायचा. ती समोर बसून प्रत्येक घास त्याच्या गळ्याखाली उतरेपर्यंत बघायची. जेवण झालं की पट्टी त्याच्या जिभेला लावायची, आणि ती हिरवी झाली की तिचा चेहरा असा खुलायचा की घनकांतला पुढचा घास नको म्हणायची हिंमतच व्हायची नाही.

डायलिसिसच्या बाकावर त्यांना कुंजलता भेटली होती. पहुमारा नदीपलीकडची विणकरीण, पंचविशीच्या आतबाहेरची. नवरा केरळात प्लायवुडच्या कारखान्यात, घरी सासू. सोमवार-गुरुवार एकटीच यायची, पिशवीत सूत घेऊन यायची आणि यंत्राला लागेपर्यंत गुंडाळत बसायची. निरदाला पेही म्हणजे आत्या म्हणायची, आणि घनकांतला पेहा. तो तिला थिएटरच्या गमती सांगायचा, आणि दोघं मिळून जेवणाचे बेत करायचे, ज्यातलं काहीच दोघांना चालत नव्हतं.

"पेहा, बरी झाले ना, की पहिल्यांदा औटेंगा घालून रोहू."

"एकटीच खाशील? मला बोलावशील की नाही?"

"तुम्हीच बोलवा. पेहींच्या हातचा खायचाय मला."

"ठरलं. जूरीची मा, ऐकलंस? पोरीला कबूल केलंय मी."

ही पोर वाळत चाललेली बघून निरदाला राहवलं नाही. एका सोमवारी तिने खाराची बाटली आणली आणि कुंजाच्या पिशवीत सुताखाली सरकवली. कसा घ्यायचा, किती घ्यायचा, टेंगा कसा वर्ज्य, सगळं कानात सांगितलं. पट्ट्याही दिल्या. त्यानंतर दर आठवड्याला एक बाटली. आपल्या नवऱ्यासाठी गाळायची त्याच करवंटीतून, त्याच मायेने.

इकडे घनकांतच्या रक्तातलं पोटॅशियम वाढायला लागलं. मनोहरन डॉक्टर कागद हातात घेऊन निरदासमोर उभे राहिले.

"केळं देता?"

"नाही."

"नारळपाणी? टोमॅटो? बटाटा?"

"बटाटा तुम्ही सांगितला तसा भिजवून, पाणी फेकून. बाकी काही नाही, साहेब. गावच्या नामघरातल्या देवाची शपथ घेते. केळीच्या झाडाच्या सावलीतसुद्धा उभं राहू देत नाही मी यांना."

"मग हे येतंय कुठून? तुमच्या घरात काहीतरी चुकतंय. पोटॅशियम असंच चढत गेलं तर एक दिवस हृदय थांबेल. आधी पाय जड होतील, मग सुस्ती, मग संपलं. समजतंय का?"

समजत होतं. अपमानही झाला होता. डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या बाईला कुणी असं बोललं तर काय होईल? बाहेर आल्यावर ती रडली, डोळे पुसले आणि ठरवलं की आपणच कमी पडतोय. आम्ल जिंकतंय. घरी येताच तिने सकाळच्या पेल्यातला खार वाढवला.

चैत्र संपत आला होता. बिहू तोंडावर. घरोघरी मागांचा आवाज, कारण बिहूला हातविणीचा गामोछा, म्हणजे लाल काठाचा पंचा, दिल्याशिवाय मान राहत नाही. त्या सोमवारी कुंजलता बाकावर बसली होती खरी, पण सूत गुंडाळत नव्हती.

"पेही, गुरुवारी मी येणार नाही. गामोछ्यांची ऑर्डर संपवायची आहे. खार घेतेय ना, एक खेप चुकली म्हणून काय बिघडतंय?"

"बरं वाटतंय का पण?"

"पट्टी हिरवी येते. फक्त पाय जरा जड वाटतात."

"ते आम्ल बाहेर पडतंय," निरदा म्हणाली. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. आणि तिने पिशवीत दोन बाटल्या घातल्या, मधे खंड नको म्हणून.

बुधवारी सकाळी घनकांत अंथरुणातून उठला आणि पाय खाली ठेवताच बसला. "अगं, पायच नाहीत मला," तो म्हणाला, आणि हसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. निरदाने हात धरला तर नाडी लागेना, लागली तर पुढचा ठोका येता येईना. शेजाऱ्यांनी मॅजिक गाडी आणली. सगळी वाट ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन "अहो, बोला, बोलत राहा" एवढंच म्हणत होती. इस्पितळात इंजेक्शनं झाली, धावपळ झाली, यंत्र लावलं. दुपारपर्यंत नाडी ताळ्यावर आली. निरदाने त्याच्या पायांना हात लावून बघितला, त्याने बोटं हलवली. ती तिथेच फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

आणि संध्याकाळी, नर्स जेवायला गेल्यावर, तिने पिशवीतली बाटली काढून पेल्यात ओतली. तो कसाबसा प्यायला.

गुरुवारी सकाळी रक्ताचा कागद आला आणि डॉक्टर मनोहरन धावतच खाटेपाशी आले. पोटॅशियम पुन्हा चढलं होतं. कालच यंत्राने धुतलेलं रक्त, इस्पितळातलं जेवण, आणि तरीही. त्यांनी नर्सला विचारलं, स्वयंपाकघरात विचारलं. मग त्यांची नजर निरदाच्या पिशवीकडे गेली. बाटलीचं बूच बाहेर दिसत होतं.

"ते काय आहे?"

"ते औषध नाही साहेब. खार."

"खार म्हणजे? कशाचा?"

"अल्कलाइन. तुमच्या गोळीसारखाच. घरचा. भीमकोलच्या सालीची राख करायची, आणि पाणी..."

"भीमकोल म्हणजे काय?"

"केळं," निरदा म्हणाली.

तो शब्द तिच्याच तोंडातून बाहेर पडला आणि तिने तो ऐकला. डॉक्टरांनी बाटली उचलली आणि प्रयोगशाळेत पाठवली. थोड्या वेळाने निरोप आला की यंत्र आकडाच दाखवत नाही, मोजमापाच्या बाहेर आहे, पाणी घालून पातळ करून पुन्हा बघतो. पुन्हा बघायची गरज कुणालाच नव्हती.

घनकांतला परत यंत्राला लावलं होतं. निरदा दाराशी उभी होती. तिला वाटलं होतं डॉक्टर ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"केळं जळतं, पण त्यातलं पोटॅशियम जळत नाही," ते म्हणाले. "ते सगळं राखेत उतरतं. ही राख म्हणजे जवळजवळ तेच आहे."

"पण तुम्हीच आम्लाची गोळी दिली होती ना, साहेब?"

"ती सोड्याची, मोजून दिलेली. धडधाकट माणसाने जन्मभर खार खाल्ला तरी त्याच्या रक्ताला काही होत नाही. ना फायदा, ना तोटा. जास्तीचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. यांना ती नाहीत." मग ते म्हणाले, "चूक माझीही आहे. मी केळं विचारलं. हे विचारायचं मला माहीत नव्हतं."

"हे वाचतील?"

"आता वाचतील. वेळेवर कळलं."

हे ऐकून सुटकेचा श्वास टाकावा, तर निरदाची नजर दाराबाहेर गेली. समोर डायलिसिसचा बाक होता. गुरुवारची माणसं ओळीने बसली होती. कुंजलताची जागा रिकामी होती.

"साहेब," ती म्हणाली, "अजून एक आहे."

कुंजलताचा फोन बंद होता. इस्पितळाची अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. "मिळेल ती गाडी घ्या आणि तिला इथे आणा," डॉक्टर म्हणाले. "मी यंत्र मोकळं ठेवतो. जा." निरदाने घनकांतकडे एकदा बघितलं, तो डोळे मिटून पडला होता, आणि ती पळत सुटली. फाटकाबाहेरची मॅजिक तिने अक्षरशः आडवी होऊन थांबवली.

सगळ्या वाटेवर बिहूची गर्दी. बाजारात ढोल, शिंगाचा पेपा, नव्या कपड्यांचे ढीग. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि निरदा पुढच्या सीटवर हात जोडून बसली होती, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. दोन बाटल्या. एक पुरली असती, मी दोन दिल्या. देवा, तिने सांडली असू दे. तिला आवडला नसू दे. मांजराने लवंडली असू दे.

नदी ओलांडून गाडी गावात शिरली. घर विचारत विचारत ती अंगणापाशी आली आणि तिला मागाचा आवाज ऐकू आला. खट्-खट्, खट्-खट्, चांगला जोरात. कुंपणाचा बांबू धरून ती उभी राहिली, हसली, रडली. विणतेय पोरगी. विणतेय!

मागावर सासू बसली होती.

"या, या! तुम्ही पेही ना?" म्हातारी लगबगीने उठली. "सारखं तुमचंच नाव असतं तिच्या तोंडी. सख्खी आई करणार नाही एवढं केलंत तुम्ही. पाय जड झालेत म्हणाली, म्हणून राहिलेला गामोछा मी घेतला विणायला. झोपू दे म्हटलं जरा."

निरदा तिला ओलांडून आत गेली. कुंजलता खाटेवर होती. डोळे उघडे होते. उशाशी एक बाटली रिकामी, दुसरी निम्मी.

"पेही," ती म्हणाली. आवाज खोल गेलेला. "आलात? मी रात्रीचाही चुकवला नाही हो. सांगितलात तसाच घेतला."

"ऊठ, बाळा. चल."

"पाय उठत नाहीत. आम्ल बाहेर पडतंय ना?"

निरदाने तिच्या छातीला कान लावला. ठोका होता. मग नव्हता. मग होता. ड्रायव्हरने आणि शेजाऱ्यांनी खाटेसकट तिला उचललं. म्हातारी मागून येऊन निरदाच्या पिशवीत काहीतरी कोंबत होती. घडी घातलेला गामोछा. "तुमच्यासाठी विणलाय तिने. बिहूला देणार होती." निरदाने तो घेतला, कारण घेऊ नये तर काय करावं ते तिला सुचेना. ती सांगू शकली असती म्हातारीला. तोंडही उघडलं तिने. पण गाडी सुटली.

पुलावर बिहूवाल्या पोरांची मिरवणूक आडवी आली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, पोरं बाजूला झाली, अगदी लगेच झाली. त्यांना दोष देता येत नाही. पूल ओलांडून गाडी वेगात निघाली तेव्हा निरदाच्या मांडीवरचं डोकं जड झालं होतं. ती "बोल, बोलत राहा" म्हणत राहिली, इस्पितळाच्या फाटकापर्यंत म्हणत राहिली. मोकळं ठेवलेलं यंत्र मोकळंच राहिलं.

वॉर्डात ऊन तिरपं आलं होतं. घनकांत उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता, आणि पांघरुणाखाली तो पाय हलवून बघत होता, नवी खुर्ची हलवून बघावी तसा.

"होतीस कुठे तू?" तो म्हणाला. "डॉक्टर सांगून गेले. आजपासून खार बंद. अगदी हात जोडून बंद." तो हसला. "असं तोंड करू नकोस, जूरीची मा. तू काय जाणूनबुजून केलंस? वाचलो ना मी?"

निरदा खाटेच्या कडेला बसली. पिशवी तिने छातीशी धरली होती.

"आणि ऐक, टेंगा चालेल म्हणाले. थोडा, पण चालेल." त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "उद्या करून आण. औटेंगा घालून. आणि कुंजाच्या वाटचाही कर हं. पोरीला कबूल केलंय मी."

"हो," निरदा म्हणाली.